मृत्यूची तारीख

जुलैतली, पावसाने जरा उघडीप दिलेली सकाळ होती. उपवनच्या तळ्याला फेरी मारून आमची मंडळी नेहमीप्रमाणे कट्ट्यावर टेकली होती, येऊरच्या डोंगरावर ढग उतरले होते आणि टपरीवरचा चहा येईपर्यंत एकच वर्तमानपत्र चौघांत वाटून वाचले जात होते. आतल्या पानावर एक छायाचित्र होते: हिरव्या कापडात गुंडाळलेल्या अरुंद पेट्या आणि त्यांतल्या एका पेटीवर गाल टेकून बसलेली, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडाला तीस वर्षे झाली, ओळख पटलेल्या आणखी काही जणांचे त्या दिवशी दफन झाले, एवढीच बातमी. आमच्यातले एक निवृत्त इंजिनिअर, स्वभावाने अगदी सज्जन, कुणाच्या घरी आजारपण असले की डबा घेऊन जाणारे, पान उलटता उलटता म्हणाले, "तीस वर्षांनी अजून हाडंच पुरतायत. किती उकरायचं माणसानं? आपली मुंबई बघा. त्र्याण्णवला एवढं झालं, महिनाभरात लोकल भरभरून धावायला लागल्या." कुणी मान डोलावली, कुणी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली आणि विषय घोडबंदर रोडच्या वाहतूक कोंडीकडे वळला. मी काही बोलले नाही. वाक्य दुष्टपणाचे असते तर त्यावर वाद घालता आला असता आणि ते तिथेच संपलेही असते. ते चांगल्या माणसाच्या तोंडून, शांतता हवी म्हणूनच आले होते, त्यामुळे पुढचे कितीतरी दिवस डोक्यात राहिले.

स्रेब्रेनित्सात खरे उकरणे कुणी केले, हे त्या छोट्या बातमीत नव्हते. जुलै १९९५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केलेल्या त्या गावाच्या परिसरात बोस्नियन सर्ब सैन्याने काही दिवसांत आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले आणि सामूहिक खड्ड्यांत पुरले. पुढे बोभाटा होणार असे दिसताच त्याच वर्षी ते खड्डे यंत्रे लावून पुन्हा उकरण्यात आले आणि प्रेते ट्रकमध्ये भरून दूरदूरच्या नव्या खड्ड्यांत टाकण्यात आली. यंत्राच्या फावड्याला माणूस अख्खा उचलता येत नाही. एकाच माणसाची मांडी एका ठिकाणी, कवटी दुसऱ्या ठिकाणी आणि हात तिसरीकडेच कुठेतरी मिळाला, असे तिथे शेकडो वेळा घडले. मग १९९६ साली स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेतले, ते हाडांतल्या डीएनएशी जुळवले आणि सात हजारांच्या आसपास माणसांना त्यांची नावे परत मिळाली. नाव जुळले की घरच्यांना कळवले जाते आणि निर्णय त्यांनी घ्यायचा असतो: जेवढे सापडले तेवढेच या ११ जुलैला पोतोचारीच्या दफनभूमीत पुरायचे, की उरलेले सापडेपर्यंत थांबायचे. एखाद्या आईसमोर मुलाची दोन-तीनच हाडे असतात. ती थांबते. पुढच्या वर्षीही थांबते. मग कधीतरी, आपणच आधी जाऊ या भीतीने, होकार देते. त्या पेट्या इतक्या हलक्या का असतात, हे कळले की छायाचित्राकडे पुन्हा बघवत नाही.

उकरण्याबद्दलचे ते वाक्य मला टोचले, त्याला माझ्या नोकरीतली एक जुनी आठवणही कारण होती.

मी तेव्हा एका बँकेच्या मुंब्र्याच्या शाखेत होते. ठाण्याहून धिम्या लोकलने कळवा आणि मग मुंब्रा. जलद गाड्या त्या काळी पारसिकच्या बोगद्यातून परस्पर दिव्याच्या अंगाला निघत, त्यामुळे डोंबिवली-कल्याणच्या कित्येक प्रवाशांनी मुंब्रा स्टेशन खिडकीतूनसुद्धा पाहिलेले नसे. शाखेत नवे खाते उघडायला येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा जुना पत्ता मुंबईतला असे. जोगेश्वरी, धारावी, प्रतीक्षानगर. पत्ता का बदलला, हे विचारायची फॉर्ममध्ये सोय नव्हती आणि आम्हीही विचारत नसू. अमुक साली आलो एवढे कळले तरी पुरे होई. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलीला सात वर्षे होऊन गेल्यावर एक बाई आली. एकात एक घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तिने काउंटरवर एकेक करून सोडवल्या आणि आतून नवऱ्याचे पासबुक, जुने रेशनकार्ड आणि पोलिस ठाण्याचा गोल शिक्का असलेली तक्रारीची झेरॉक्स काढली. झेरॉक्स घडीवर फाटलेली होती, तिला मागून सेलोटेप लावलेला होता आणि तोही पिवळा पडून उलायला लागला होता. नवरा बॅगा शिवण्याच्या कारखान्यात होता. जानेवारी १९९३ मध्ये थकलेला पगार आणायला म्हणून बाहेर पडला, त्यानंतर त्याचे काहीच कळले नाही. खाते आमच्याच बँकेच्या मुंबईतल्या शाखेत होते, वारस म्हणून तिचे नावही होते; पण त्या वस्तीत पुन्हा पाऊल टाकायची तिची तयारी नव्हती, म्हणून कागद आमच्यामार्फत जायचे होते. सात वर्षे झाली की माणूस मेला असे कायदा धरतो, असे तिला कुणीतरी सांगितले होते. मी दाव्याचा अर्ज तिच्या मुलाकडून भरून घेऊ लागले. नाव झाले, खाते क्रमांक झाला. 'मृत्यूची तारीख' या रकान्यापाशी मुलाचा हात थांबला आणि त्याने आईकडे पाहिले.

"तारीख मैं कैसे डालूँ, मॅडम?" ती म्हणाली. "जिसने किया उसको मालूम."

तक्रार नोंदवल्याची तारीख टाका, असे शेजारच्या सहकाऱ्याने सुचवले. तिने मान हलवली. तक्रार तर तिने पाचव्या दिवशी दिली होती, रस्ते मोकळे झाल्यावर. त्या पाच दिवसांत तो जिवंत असेल तर? कुठे पडून असेल तर? आवाज न चढवता, समजावून सांगावे तसे ती बोलत होती. रक्कम काही हजारांचीच होती. घराचे भाडे थकलेले असावे, कारण मुलगा दोनदा घड्याळाकडे बघून "अम्मी, डाल दे ना" म्हणाला. तिने कागदांवर पुन्हा एकेक पिशवी चढवली.

दाव्याचा अर्ज अर्धा भरलेलाच राहिला.

पुढे माझी बदली झाली, तरी कायद्याच्या बातम्या वाचताना ती बाई आठवत राहिली. सात वर्षे ज्याची खबर नाही तो हयात नाही असे धरावे, ही तरतूद आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे. पण २००४ साली विमा दाव्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा वेळी मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख मात्र गृहीत धरता येत नाही. ती ज्याला सांगायची आहे त्याने सिद्ध केली पाहिजे. ती बाई अडली होती ती नेमकी इथेच. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सांगितले की बेपत्ता खातेदारांच्या छोट्या रकमांसाठी मर्यादा ठरवा आणि तेवढ्यापुरती प्रथम खबर, पोलिसांचा शोध न लागल्याचा अहवाल आणि वारसाचे हमीपत्र यांवर पैसे द्या, कोर्टाचा हट्ट धरू नका. सूचना चांगली होती. पण शोध न लागल्याचा अहवाल मागायला पुन्हा त्याच पोलिस ठाण्यात जायचे आणि एवढ्या वर्षांत तुम्ही शोध घेतलात का, हे विचारायचे नाही, अशी त्या सूचनेची रीत.

अर्जेंटिनात हा रकाना बदलला, असे पुढे माझ्या वाचनात आले आणि मी त्या मजकुरावर बराच वेळ थांबले. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तिथे हजारो माणसे घरांतून उचलून नाहीशी करण्यात आली. १९७७ पासून त्यांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर गुरुवारी राजधानीतल्या प्लासा दे मायो या चौकात फेऱ्या घालू लागल्या. १९७९ मध्ये लष्करशहांनी एक कायदा केला: बेपत्ता माणसाला लवकर मृत घोषित करून घ्या, इस्टेटीचे, पेन्शनचे प्रश्न सोडवून घ्या. वरवर पाहता सोयीचाच होता. आयांनी तो झिडकारला, कारण माणसाला उचलणाऱ्या सरकारनेच त्याच्या आईकडून मृत्यूचा अर्ज मागावा, यातली चलाखी त्यांना कळत होती. शेवटी लोकशाही आल्यावर, १९९४ साली, तिथल्या संसदेने नवा कायदा केला आणि 'सक्तीने नाहीसे केल्यामुळे गैरहजर' अशी एक स्वतंत्र नोंद तयार केली. त्या नोंदीवर बायकोला मालमत्ता मिळते, पुन्हा लग्न करता येते, मुलांचे हक्क लागतात, आणि कुणालाही आपल्या माणसाच्या मृत्यूची तारीख बनवावी लागत नाही. शिवाय काय घडले, हे सरकारच्याच दप्तरात सरकारच्याच शब्दांत लिहिले जाते. अर्थात सगळ्या आयांचे त्याने समाधान झाले नाही. त्यांच्यातल्या एका गटाने नुकसानभरपाईही नाकारली आणि हाडे उकरण्यालाही विरोध केला. हाडे घेतली की प्रकरण मिटले असे म्हणायला सरकार मोकळे होते, असे त्यांचे म्हणणे. बोस्नियातली आई हाडाच्या तुकड्यासाठी वर्षानुवर्षे थांबते आणि अर्जेंटिनातली आई तेच हाड नाकारते. दोघीही मला बरोबर वाटतात. हे तर्काला पटवून देता येत नाही, पण तसे वाटते खरे.

माफीचे आणि शिक्षेचेही असेच आहे. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगाचे, त्याचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटूंचे, आपल्याकडे फार कौतुक होते आणि ते योग्यही आहे. १९९६ पासून भरलेल्या त्या सुनावण्यांत मारणारे स्वतः उठून सांगत होते की कुणाला, कुठे, कसे मारले. सगळे खरे सांगा आणि गुन्हा राजकीय होता हे दाखवा, मग माफी, असा तो करार होता. सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि बहुतेक फेटाळले गेले, ही गोष्ट मात्र कौतुकात सांगितली जात नाही. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यावर खटले चालायचे होते. आयोगाने प्रकरणे सरकारकडे सोपवली आणि ती तशीच पडून राहिली. पीडितांना २००३ मध्ये एकरकमी तीस हजार रँड देण्यात आले. अखेर २०२५ मध्ये मृतांचे नातेवाईक न्यायालयात गेले आणि हे खटले कुणी दाबले याची चौकशी करायला राष्ट्राध्यक्षांना नवा आयोग नेमावा लागला. क्षमेचा अर्धा भाग तेवढा वटला, कराराचा दुसरा अर्धा भाग सरकारने पाळलाच नाही.

रवांडाने वेगळी वाट धरली. १९९४ मध्ये शंभर दिवसांत तिथे आठ लाखांच्या आसपास माणसे, मुख्यतः तुत्सी समाजाची, मारली गेली, तीही बहुतेक शेजाऱ्यांच्या हातून, कोयत्यांनी. तुरुंगांत लाखाहून अधिक आरोपी कोंबलेले आणि न्यायाधीशच मेलेले किंवा पळालेले. नेहमीच्या न्यायालयांतून हे खटले निकाली काढायला शंभर वर्षेही पुरली नसती. म्हणून गावोगाव गवतावर बसून गाचाचा नावाची लोकन्यायालये भरवण्यात आली. गावानेच निवडलेली माणसे न्याय देत. २०१२ साली ती बंद झाली तोपर्यंत सुमारे एकोणीस लाख प्रकरणे त्यांच्यासमोर आली होती. कबुली दिली आणि प्रेत कुठे टाकले ते दाखवले तर शिक्षा कमी होई. कितीतरी बायकांना आपली माणसे कुठल्या विहिरीत, कुठल्या केळीच्या बागेत आहेत, हे अशा बैठकीतच कळले. तिथेही खोटे आरोप झाले, साक्षीदारांना धमक्या आल्या, आणि यादवी युद्ध जिंकलेल्या पक्षाच्या सैन्याने केलेल्या हत्या तर त्या गवतावर कधी आल्याच नाहीत. शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर येतो. त्याला रोज पाहायचे आणि रोज पाणी भरायचे. याला समेट म्हणावा की नाइलाज, हे ठाण्यात बसून मी ठरवू शकत नाही.

आपल्याकडे काय झाले, ते वाचकांना ठाऊकच आहे. दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला, जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा उभा केला गेला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. नऊशे मृत, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू, इतर आणि ओळख न पटलेले वेगळे. आयोगाने ३१ पोलिसांची नावे घेतली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला चालला, शंभर जण दोषी ठरले, फाशीही झाली. दंगलीच्या खटल्यांत शिक्षा झालेले बोटांवर मोजावेत इतके. आणि हे एकाच बाजूचे दुःख आहे असे कुणी समजू नये: जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत हिंदू माणसे जाळली गेली, त्या प्रकरणात खालच्या कोर्टाने दिलेल्या शिक्षाही सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. त्या घरांनाही कुणी केले, याचे उत्तर मिळालेले नाही. लोकल महिनाभरात भरभरून धावायला लागल्या, हे इंजिनिअरसाहेबांचे म्हणणे खरेच आहे. पोट असलेल्या माणसाला गाडी पकडावीच लागते.

ठाणे जिल्ह्यातच याहून वेगळे एक उदाहरण आहे आणि त्याची आठवण फार थोड्यांना असते. भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली, आणि तरीही १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. त्यानंतर काही वर्षांनी तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांतली साधी माणसे, पुढारी शक्यतो नकोत, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचे पोलिस. बैठकीत भाषणे नसत. नळाची, भाडेकरूची, यंत्रमागाच्या थकलेल्या मजुरीची भांडणे येत आणि तिथल्या तिथे मिटवली जात. हवालदाराला वस्तीतल्या माणसांची नावे पाठ झाली आणि वस्तीला हवालदाराचे नाव. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा साऱ्यांची नजर भिवंडीकडे होती. भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ च्या मृतांना त्यामुळे न्याय मिळाला, असे मी म्हणणार नाही. पण माग चालवणारा, सूत विकणारा आणि कापड उचलणारा यांना एकमेकांवाचून भागत नव्हते आणि ते एका खोलीत बसत होते, या गोष्टीचे मोल मला पुतळ्यांपेक्षा आणि शांतता रॅलींपेक्षा जास्त वाटते.

मुंबईने मात्र अंतर वाढवून शांतता मिळवली. माणसे आपापल्या माणसांत गेली. कुणी मुंब्रा-कौसा गाठले, कुणी मिश्र वस्तीतली खोली विकून आपल्या लोकांच्या चाळीत शिरले. आज ठाण्यात भाड्याने घर द्यायचे म्हटले की एजंट भाड्याच्या आकड्याआधी "पार्टी कोण आहे" हे सांगतो, आणि आपण ते ऐकून घेतो. दोन गट एकमेकांच्या पाणवठ्यावर येतच नाहीत, तेव्हा भांडणही होत नाही आणि ओळखही होत नाही. माझ्या मते ही शांतता उधारीची आहे. रवांडातल्या त्या नाइलाजाच्या शेजारात निदान समोरासमोर उभे राहणे तरी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९२-९३ च्या दंगलीबाबत निकाल दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात केलेली. कायदा आणि सुव्यवस्था राखण्यात सरकार अपयशी ठरले, हे त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिले. बेपत्ता म्हणून नोंद झालेले १६८ जण. त्यांतल्या ६० जणांच्या घरच्यांना दोन लाखांची भरपाई मिळालेली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांपर्यंत ती पोचलीच नव्हती, कारण त्यांचे पत्ते सापडले नाहीत किंवा कागद पूर्ण झाले नाहीत. त्यांना शोधा आणि व्याजासह पैसे द्या, असा आदेश झाला. मी ते वाक्य पुन्हा वाचले. पत्ते सापडले नाहीत. जी माणसे घर सोडून पळाली म्हणून पीडित ठरली, त्यांना सरकार सोडलेल्या घरीच शोधत राहिले. मंत्रालयातून मुंब्र्याला यायला लोकलने सव्वा तास लागतो. नव्या जागी राहायला आलेला माणूस आधी रेशनकार्ड वळते करून घेतो, मग मुलांना शाळेत घालतो, मग बँकेत येतो. तीनही ठिकाणी त्याचा जुना पत्ता नव्या पत्त्याशेजारी लिहिलेला असतो. मुंब्र्याच्या शिधावाटप कार्यालयात १९९३ साली वळत्या होऊन आलेल्या कार्डांची नोंदवही मागवून दोन कारकुनांनी आठवडाभर बसायला हवे होते. तिथून निघताना कौशाच्या एखाद्या शाळेत दाखल्यांचे रजिस्टर आणि आमच्या शाखेत खाते उघडण्याचे जुने फॉर्म पाहिले असते, तर तेही मिळाले असते.